दोन भाषांतलं समाधान

लग्न होऊन मी खानदेशातून सुरतेला आले, तेव्हा मराठी आणि गुजराती यांतले सारखे दिसणारे शब्द मला गोंधळात टाकायचे. ‘समाधान’ हा त्यातला एक. आपल्याकडे समाधान म्हणजे मन भरणं. पाहुणा पोटभर जेवून उठला, सासूबाईंची अठाई निर्विघ्न पार पडली, की आपल्याला समाधान वाटतं. इथे समाधान म्हणजे तडजोड. रिंग रोडच्या कापड मार्केटात कुणाचं पेमेंट अडकलं, व्यापारी आणि अडत्या समोरासमोर बसले, रुपयाचे बारा आणे ठरले, की म्हणायचं, ‘समाधान थई गयुं.’ मग दोघेही तोंड पाडून उठले तरी चालतं.

दुसरा शब्द ‘घरमेळे’. ‘घरमेळे पतावी दो’, म्हणजे घरातल्या घरात मिटवून टाका. आपल्या समाजात तर ही जवळजवळ आज्ञाच असते. धंदा विश्वासावर चालतो, धाकट्या मुलींची लग्नं व्हायची असतात, कोर्टाची पायरी चढलेलं घर म्हणून नाव पडायला नको असतं. नवराबायकोचं बिनसलं की आधी दोन्हीकडचे वडीलधारे बसतात, मग समाजाचे पंच.

मी पंचांच्या विरुद्ध नाही. कितीतरी भांडणं त्यांनी खरोखर मिटवली आहेत, तीही एक पैसा न घेता. पण ज्या संसाराचं भांडण आहे त्यातली बाई त्या बैठकीत कुठे असते, हे एकदा नीट पाहायला हवं. मी ते जवळून पाहिलं, माझ्या नणंदेच्या मुलीच्या वेळी. तिची परवानगी घेऊन, आणि ओळख पटेल असं काही न ठेवता, लिहिते आहे.

भाची आणि तिचा नवरा दीड वर्षापासून वेगळे राहत होते. सात वर्षांचा मुलगा तिच्याजवळ. परत नांदायचं नाही हे दोघांचंही ठरलेलं होतं. प्रश्न फक्त मोकळं कसं व्हायचं, हा होता. आमच्याच हॉलमध्ये दोन बैठका झाल्या. सतरंजीवर दोन्हीकडचे वडील, काका आणि समाजातले तीन मोठे. भाची माझ्याजवळ स्वयंपाकघरात. बाहेरचं सगळं आत ऐकू येत होतं. दागिन्यांची यादी वाचली गेली, किती तोळे परत आणि किती लग्नखर्चात वळते हे बोललं गेलं. मुलगा ‘सध्या आईकडे, पुढचं पुढे’. हे सगळं स्टॅम्प पेपरवर लिहायचं, सह्या करायच्या, झाले छुटाछेडा.

भाची एकदम म्हणाली, “मामी, माझी मशिनं?”

लग्नानंतर तिने घरी साड्यांना लेस लावायचं जॉबवर्क सुरू केलं होतं. सुरतेत अशी हजारो घरं आहेत. मार्केटातून साड्यांचे गठ्ठे येतात, बायका लेस लावतात, टिक्या चिकटवतात, गठ्ठे परत जातात. त्यातून साठवलेल्या पैशांनी तिने एकेक करत तीन शिलाई मशिनं घेतली होती. ती अजून सासरच्या माळ्यावर पडून होती. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि विचारलं. एक मोठे काका मला अगदी मायेने म्हणाले, “भाभी, ए तो नानी वात छे.” ती तर किरकोळ गोष्ट.

त्यांच्या लेखी ती खरंच किरकोळ होती. सोनं सगळ्यांना मोजता येतं. पण ज्याच्यावर तिची पुढची रोजीरोटी उभी राहणार होती ते यादीतच नव्हतं, कारण यादी करणाऱ्यांमध्ये ती नव्हती.

त्या स्टॅम्प पेपरबद्दलही सांगायला हवं. नुसत्या लखाणाने लग्न मोडत नाही. एखाद्या ज्ञातीत घटस्फोटाची जुनी रूढी असेल तर हिंदू विवाह कायदा ती मानतो, पण तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. ते झालं नाही तर स्टॅम्प पेपरवर सही केलेली बाई कायद्याने विवाहितच राहते. उद्या तिने दुसरं लग्न केलं तर ते टिकत नाही, आणि वारसाहक्काच्या वेळी नव्याने भांडण उभं राहतं. घरमेळे मिटलेलं पुन्हा कोर्टातच जातं, तेही अधिक गुंतून.

शेवटी वकील केला. पोटगीचा अर्ज झाला आणि न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवलं. नंदोई घाबरले. त्यांना वाटलं, कोर्टाने आपल्याला परत पंचांकडेच ढकललं. खरं म्हणजे कोर्ट आपलं कामच करत होतं. 1984च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच लिहिलं आहे की शक्य असेल तिथे न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवराबायकोच्या वादात मध्यस्थीचा मार्ग आधी धुंडाळावा, आणि खटला दाखल होण्याआधीच लोकांना जाता येईल अशी सोय मध्यस्थी केंद्रांनी करावी. 2023 मध्ये तर संसदेने मध्यस्थीचा वेगळा कायदाच केला. त्यात 120 दिवसांची मुदत धरली आहे, दोघांची तयारी असेल तर आणखी 60 दिवस.

आम्ही सगळा गोतावळा घेऊन गेलो. मध्यस्थ माझ्याच वयाच्या एक वकीलबाई होत्या. त्यांनी आधी सगळ्यांना बसवून सांगितलं की मी न्यायाधीश नाही, निकाल देणार नाही. इथे बोललेलं पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येणार नाही. जमलं तर लिहू, नाही जमलं तर तुमचा खटला जिथे होता तिथून पुढे चालेल. आणि मग म्हणाल्या, “आता हे दोघे सोडून बाकीच्यांनी बाहेर बसा.”

नंदोई म्हणाले, “मी बाप आहे तिचा.”

“म्हणूनच. लागलं तर बोलावते.”

मग काय, बाहेरच्या बाकावर एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला ते. ज्यांनी दोन बैठकांत सगळं ठरवलं होतं ते सगळे बाहेर, आणि ज्यांचं लग्न होतं ते दोघे आत. आमच्या हॉलमधल्या बैठकीचं चित्र बरोबर उलटं झालं होतं. पहिला अर्धा तास कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग तिच्या सासूने माझ्याकडे पाण्याची बाटली सरकवली.

आत कधी दोघे एकत्र बसत, कधी एकेकाशी वेगळं बोलणं होई. एकट्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या मर्जीशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही, हा तिथला नियम. तो आत काय म्हणाला हे भाचीने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जे कागदावर आलं तेवढंच सांगते. तो हिऱ्याच्या ऑफिसात कामाला. बाजार मंदा, पगार कापलेला. पंचांनी ठरवलेली रक्कम एकदम द्यायला त्याच्याकडे नव्हती, आणि समाजासमोर तसं म्हणायला तो तयार नव्हता. वडिलांनी मान हलवली होती, त्याने नव्हे. कोर्टाने हुकूम दिला असता तरी वसुलीसाठी भाचीला वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले असते. आता तीन हप्ते ठरले: एक करार होताना, एक पहिल्या अर्जाच्या वेळी, शेवटचा अंतिम हुकूमनाम्याच्या दिवशी. मशिनं आठ दिवसांत पोहोचवायची, भाडं त्याचं. तिच्या पदवीच्या मूळ मार्कशीट, मुलाचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक, सगळं नावानिशी यादीत.

सर्वांत जास्त वेळ लागला तो पैशाला नाही, पर्युषणाला. नातू आजीबरोबर स्थानकात जायचा, प्रतिक्रमणाला तिच्या शेजारी बसायचा. ते आठ दिवस तो कुणाकडे? यावर एक अख्खी बैठक गेली. पंचांच्या ‘पुढचं पुढे’मध्ये हे सगळं झाकलं गेलं होतं. शेवटी ठरलं की पर्युषण आजीकडे, दिवाळीचे पाच दिवस आईकडे, उन्हाळ्याची सुट्टी अर्धी अर्धी, आणि शाळा बदलायची झाली तर दोघांनी मिळून ठरवायचं. त्या दिवशी सासू बाकावर बसून रडली. तिला आत बोलावलं नव्हतं, पण तिचं म्हणणं आत पोहोचलं होतं.

अशा चार बैठका झाल्या. त्या बाकावर बसून मला सारखी एका बाईची आठवण यायची, जी याच शहरात राहून गेली.

डॉ. रखमाबाईंचं नाव मराठी बायकांना माहीत असतं. 1864 साली मुंबईत जन्म, अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न, आणि मोठेपणी त्यांच्या घरी नांदायला ठाम नकार. दादाजींनी 1884 मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. वरच्या अपिलात ते फिरलं, आणि 4 मार्च 1887 रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी सांगितलं की तुरुंग पत्करेन. एवढं आपल्याला पाठ असतं. पुढे काय झालं? पुष्कळजणी सांगतात, राणी व्हिक्टोरियाने लग्न मोडून दिलं. प्रत्यक्षात 1888च्या जुलैत कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावून घेण्याचा हक्क सोडला. एवढा गाजलेला खटला, आणि शेवट झाला समाधानाने, गुजरातीतल्या.

त्या तडजोडीमुळे रखमाबाईंचा तुरुंग टळला. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात त्यांनी वीसहून अधिक वर्षं काम केलं, पुढे राजकोटला. या शहरातल्या किती बायकांची बाळंतपणं त्यांच्या हातून झाली असतील! हे सगळं त्या एका तडजोडीने शक्य केलं, म्हणून मी तडजोडीला कमी लेखत नाही.

पण त्या कागदाने लग्न मोडलं नव्हतं. मोडणारच कसं? तेव्हाच्या कायद्यात हिंदू बाईला घटस्फोटच नव्हता. दादाजींनी दुसरं लग्न केलं, पुरुषाला ते चालत होतं. रखमाबाईंनी कधीच केलं नाही. 1904 मध्ये दादाजी गेले तेव्हा त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, असं त्यांच्या चरित्रात येतं. ज्याच्याबरोबर एक दिवसही संसार केला नाही, त्याचं वैधव्य! हिंदू विवाह कायदा 18 मे 1955 रोजी लागू झाला. रखमाबाई त्याच वर्षी 25 सप्टेंबरला गेल्या, नव्वदी ओलांडून.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मामी, पैसे तिनेच दिले?” हो, तिच्याच बाजूने दिले. कायदा नवऱ्याच्या बाजूने होता, त्यामुळे सुटकेची किंमत बायकोच्या माथी. तडजोडीच्या सतरंजीवर कोण किती सरकून बसणार, हे मागे कोणता कायदा उभा आहे त्यावर ठरतं. भाचीला हप्ते मिळाले, मशिनं मिळाली, ती मध्यस्थाच्या चांगुलपणामुळे मिळाली खरी. पण तिथे जमलं नसतं तर पुढे न्यायाधीश होते, हे दोघांनाही माहीत होतं. आमच्या हॉलमध्ये तिच्या पाठीशी फक्त स्वयंपाकघराची भिंत होती.

तो कायदा आपल्याला लागू आहे की नाही, याबद्दल मध्यंतरी आपल्या समाजात बरीच घबराट झाली, म्हणून तेही लिहिते. 2014 मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याचा आधार घेऊन 2025च्या फेब्रुवारीत इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने एका जैन जोडप्याचा परस्परसंमतीचा अर्ज फेटाळला. जैनांना हिंदू विवाह कायदा लागूच नाही, असं म्हणून. मार्चमध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. 1955च्या त्या कायद्यात जैनांचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा कुणी सांगितलं की आपल्याला कोर्टात जागाच नाही, तर ऐकू नका.

मध्यस्थी झाली म्हणजे घटस्फोट झाला, असंही नाही. करार घेऊन परस्परसंमतीचा अर्ज करावा लागतो. त्यासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा कोर्टापुढे यायचं. काही प्रकरणांत ही मुदत न्यायाधीश माफ करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं आहे. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेण्याचा हक्क दोघांनाही असतो. न्यायाधीश जेव्हा विचारतात, ‘स्वखुशीने सही केली का?’, तेव्हा तो नुसता उपचार समजू नका. काही सलत असेल तर तिथे बोलायचं.

मैत्रिणींनो, घरात अशी वेळ आली तर काही गोष्टी लक्षात ठेवा. दागिन्यांबरोबर कमाईच्या वस्तूंची आणि कागदपत्रांची यादी बाईने स्वतः करावी, रागाच्या भरात नव्हे, निवांत बसून. स्त्रीधन तिचं स्वतःचं असतं, सासर ते नुसतं सांभाळत असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगून ठेवलं आहे. ते ‘वळतं’ करून घ्यायची चीज नाही. ‘मला काही नको, फक्त मोकळी करा’ असं म्हणण्याचा मोह होतो, पण मुलाच्या पोषणाचा हक्क मुलाचा आहे, तो आईने सोडायचा नसतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात आहे.

आणि जिथे मारहाण आहे, जिथे नवऱ्याच्या नुसत्या खाकरण्याने बाईचा आवाज बंद होतो, तिथे आधी मध्यस्थी नाही, आधी संरक्षण. त्यासाठी 2005चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, गुजरातेत 181 हा अभयम्‌चा नंबर आहे. घाबरलेल्या माणसाची सही ही संमती नसते.

समाजातल्या मोठ्यांनी मला नंतर विचारलं, एवढं सगळं कोर्टात जाऊन केलंत, मग क्षमेचं काय? आपण दरवर्षी संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं म्हणणारी माणसं. मी माझ्या परीने उत्तर दिलं. क्षमापना म्हणजे मनातलं वैर सोडणं. परत त्याच घरात नांदणं, किंवा आपल्या हक्काचं सोडून देणं, असं तिच्यात कुठेच सांगितलेलं नाही. उलट हिशेब अर्धवट राहिला की वैर धुमसतं. आमचे व्यापारी हे चांगलं जाणतात. दिवाळीला खातं पुरतं करूनच नवी वही पुजतात.

अनेकांतवादही आपण व्याख्यानात ऐकतो, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट मुलांना सांगतो. पण एका खोलीत दोघांना समोर बसवून ‘तुझ्या बाजूने काय दिसतं ते सांग, तो मध्ये बोलणार नाही’ असं म्हणणं, हे मी त्या केंद्रातच पाहिलं. आपले पंचही हे करू शकतील. त्यासाठी कोर्टाची इमारत लागत नाही. मुलीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून सतरंजीवर जागा द्यावी लागते, वडिलांना थोडा वेळ बाहेर बसवावं लागतं, आणि ठरेल ते पुढे कोर्टात नेऊन पक्कं करावं लागतं. पंचांत दोन शहाण्या बायका असतील तर फारच बरं. आमच्या समाजाच्या महिला मंडळात मी हे मांडलं आहे. दोघीतिघींनी माना डोलावल्या, एक म्हणाली, पुरुष ऐकायचे नाहीत. विचारून तर बघू.

भाचीचा हुकूमनामा झाला. मशिनं आता तिच्या माहेरच्या गच्चीवरच्या खोलीत चालतात, हाताखाली दोन मुली आहेत. पर्युषणात मुलगा ठरल्याप्रमाणे आजीकडे गेला. संवत्सरीच्या संध्याकाळी त्याच आजीचा भाचीला फोन आला. काय बोलल्या ते ठाऊक नाही. फोन ठेवून ती पुन्हा लेस लावायला बसली. दुसऱ्या दिवशी गठ्ठा द्यायचा होता.